दोन कामांच्या मध्ये

घराच्या दुरुस्तीचे काम काढायचे ठरले की पहिला प्रश्न दिवसांचा असतो. गवंडी आठवडा सांगतो, प्लंबरला तीन दिवस पुरतात, वायरमन, सुतार आणि रंगारी आपापले आकडे सांगतात, आणि हे आकडे बहुतेक वेळा खरे असतात. कारागीर खोटे वायदे करतात म्हणून काम लांबते, असे सर्रास म्हटले जाते. माझे निरीक्षण तसे नाही. प्रत्येकाने स्वतःच्या हातातल्या कामाचे दिवस प्रामाणिकपणेच मोजलेले असतात. मात्र एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत जो काळ जातो, तो कोणाच्याच हिशेबात नसतो, कारण तो कोणाच्याच वाट्याचा नसतो. या सगळ्या आकड्यांची बेरीज करून जे घरमालक वेळापत्रक मांडतात, त्यांच्या बेरजेत चूक नसते. बेरजेत धरलेल्या रकमाच अपुऱ्या असतात.

माझी नोकरी वेळापत्रके आखण्याची असल्यामुळे राहत्या घराचे काम काढले तेव्हा ते आपल्याला सोपे जाईल, असे घरातल्या सर्वांनी गृहीत धरले होते. नोकरीतली काही साधने खरोखरच उपयोगी पडली, काही अजिबात पडली नाहीत. रंगीत पट्ट्यांचा जो तक्ता मी भिंतीवर लावला होता, तो मुकादमाने एकदा डोळे बारीक करून पाहिला आणि विचारले, "साहेब, यात भिंत वाळायचे दिवस कुठे आहेत?" ते होते, पण एका बारीक पट्टीत. त्या प्रश्नानंतर तक्त्यातल्या पट्ट्यांपेक्षा पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागांकडे मी अधिक लक्ष देऊ लागलो, आणि या लेखात जे काही सांगायचे आहे ते बहुतेक त्या रिकाम्या जागांविषयीच आहे.

वेळापत्रकाच्या शास्त्रातली एक कल्पना मात्र घराच्या कामाला तंतोतंत लागू पडते. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीतील मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या संगणक कंपनीतील जेम्स केली यांनी कारखान्यांच्या उभारणीचे आणि देखभालीचे नियोजन करण्यासाठी 'क्रिटिकल पाथ' ही पद्धत विकसित केली. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांच्या अनेक साखळ्या एकाच वेळी चालू असतात आणि त्यांतली सर्वांत लांब साखळी संपूर्ण प्रकल्पाचा शेवट ठरवते, हे तिचे सार. त्या साखळीवर एक दिवस वाया गेला तर शेवट एक दिवस पुढे जातो. इतर साखळ्यांवर काही दिवस गेले तरी काहीच बिघडत नाही. घरात ही लांब साखळी सर्वांत जास्त मजूर लागणाऱ्या कामातून जात असेल, असे वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा वाळण्याच्या काळातून आणि बनवून घ्यायच्या वस्तूंमधून जाते, म्हणजे जिथे घरात कोणीच काम करताना दिसत नाही अशा ठिकाणांतून.

स्वयंपाकघर घ्या. भिंतीत चर पाडून पाइप आणि वायरिंगच्या नळ्या टाकायच्या, चर बुजवायचे, गिलावा करायचा, तो पुरेसा सुकला की टाइल, मग ओटा. ओटा बसल्यानंतरच कपाटांची खरी मापे घेता येतात, कारण जुन्या घरातला कोपरा काटकोनात असतो हा समज गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावताच फोल ठरतो. मापे गेली की कपाटे बनून येईपर्यंत काही आठवडे जातात आणि तेवढ्यात स्वयंपाकघरात कोणाचेही काही चालत नाही. म्हणजे स्वयंपाकघरातल्या गवंड्याने सुरुवातीला घालवलेले दोन दिवस थेट शेवटाला जाऊन लागतात, तर झोपण्याच्या खोलीतला रंग चार दिवस रखडला तरी कोणाचेही अडत नाही. आपण मात्र रंगाऱ्यावर चिडतो, कारण तो समोर दिसत असतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक कारागीर एकदा येऊन काम संपवून जातो, हे चित्रच खरे नसते. वायरमन निदान तीनदा येतो: गिलाव्याआधी नळ्या टाकायला, गिलाव्यानंतर वायरी ओढायला आणि रंगाचे आधीचे हात झाल्यावर बटणे, दिवे बसवायला. प्लंबर पाइपांसाठी येतो आणि टाइल झाल्यावर नळ बसवण्यासाठी पुन्हा येतो. रंगाऱ्याचेही तसेच, शेवटचा हात त्याने सर्वांत शेवटी मारायचा असतो. त्याने सांगितलेले पाच दिवस हे त्याच्या हातांचे पाच दिवस असतात. ते तीन तुकड्यांत विभागलेले असतात आणि तुकड्यांच्या मधल्या काळात तो दुसऱ्या कोणाच्या तरी घरी असतो. तिथून त्याला नेमक्या दिवशी परत आणणे हे घराच्या कामाचे व्यवस्थापन करणाऱ्याचे खरे काम. गवंड्याला थापी कशी धरायची हे सांगणे त्याच्या अखत्यारीत येत नाही आणि त्याने त्यात पडूही नये.

या नेमक्या दिवसाचे गणित फार कठोर आहे. समजा, प्रत्येक कारागीर दहापैकी नऊ वेळा सांगितल्या दिवशी काम संपवतो, म्हणजे तो अतिशय भरवशाचा आहे. अशा सहा जणांच्या हातांतून काम एकामागून एक जायचे असेल, तर एकही दिवस न चुकता सगळे पार पडण्याची शक्यता जेमतेम शेकडा ५३ उरते. आणि एक काम सुरू होण्यासाठी चार गोष्टी एकाच वेळी तयार हव्या असतील, म्हणजे पाइप पूर्ण झालेले, नळ्या टाकलेल्या, चौकट बसलेली आणि वाळू-सिमेंट येऊन पडलेले, आणि त्यांतल्या प्रत्येकीची शक्यता शेकडा ८० असेल, तर चारही एकत्र जुळून येण्याची शक्यता ४१ वर येते. कोणीही आळशी नसताना, कोणीही फसवत नसताना, निम्म्याहून अधिक वेळा काम ठरल्या दिवशी सुरू होणार नाही. हे आकडे मी घरातल्यांना दाखवले तेव्हा थोडी शांतता पसरली आणि त्यानंतर कारागिरांवरचा राग बराच ओसरला.

आता वाळण्याविषयी. काँक्रीटची प्रमाणित ताकद २८ दिवसांची धरतात, आणि सातव्या दिवशी तिचा साधारण दोन तृतीयांश भाग आलेला असतो. नव्या गिलाव्यावर काही दिवस पाणी मारत राहावे लागते, कारण सिमेंट घट्ट होते ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेने. पाणी उडून गेले तर ती क्रिया अर्धवट राहते आणि भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा येतात. त्यानंतर तीच भिंत, जिला इतके दिवस जाणीवपूर्वक ओली ठेवली, ती रंगासाठी कोरडी व्हावी लागते. सिमेंट-वाळूच्या जमिनीच्या थराबाबत एक जुना ठोकताळा आहे: चांगली हवा खेळत असेल तर पहिल्या ५० मिलिमीटरपर्यंत दर मिलिमीटरला एक दिवस. म्हणजे पाच सेंटिमीटरचा थर सुमारे पन्नास दिवस घेईल, आणि त्यावर लाकडी फरशी घालायची असेल तर तेवढे थांबणे भागच आहे. न्हाणीघराच्या वॉटरप्रूफिंगनंतर पाणी कोंडून निदान एक अख्खा दिवस, शक्यतो दोन, ठेवायचे आणि खालच्या छतावर ओल उमटते का ते पाहायचे. या कशालाही मजूर लागत नाहीत, आणि म्हणूनच या काळाचे दिवस सर्वांत आधी चोरले जातात.

चोरतो कोण, हा प्रश्न मोठा गमतीचा आहे. रंगारी चोरत नाही. ओल्या भिंतीवर रंग मारला तर फुगे धरतात आणि बोलणी त्याला खावी लागतात, हे त्याला पक्के ठाऊक असते. चोरतो बहुधा घरमालक, कारण रिकामी, शांत खोली त्याला सहन होत नाही. खोलीत कोणी ठोकताना दिसले की त्याला पैसे कामी लागल्यासारखे वाटते आणि कोणी नसले की काम बंद पडल्यासारखे. मी तक्त्यावर वाळण्याच्या पट्ट्या गवंडीकामाच्या पट्ट्यांइतक्याच जाड आणि गडद रंगाच्या केल्या आणि त्यांवर 'भिंत काम करते आहे' असे लिहिले. घरातल्यांनी त्याची थट्टा केली, पण "आज कोणीच का आले नाही?" हा रोजचा प्रश्न थांबला. जमीन कोरडी झाली की नाही ते पाहण्याची एक साधी युक्तीही त्या दिवसांत उपयोगी पडली: प्लास्टिकचा एक चौकोनी तुकडा चारी कडांनी चिकटपट्टीने पक्का लावून रात्रभर ठेवायचा, सकाळी खालच्या बाजूला दव धरले असेल किंवा जमीन काळवंडली असेल, तर अजून थांबायचे. ही चाचणी फार काटेकोर नाही. तिचा मोठा फायदा असा की वाद मिटतो, कारण निकाल सगळ्यांना डोळ्यांनी दिसतो.

अंदाज कमी पडतो यामागे मनाची एक ठरावीक खोड आहे आणि तिला १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांनी नावही दिले आहे: 'प्लॅनिंग फॅलसी', म्हणजे नियोजनातला आशावादी भ्रम. आपण काम आतून पाहतो, त्याच्या पायऱ्या मनात रचतो आणि त्या सुरळीत पार पडतील असे धरून चालतो. तसलीच कामे इतरांकडे किंवा आपल्याकडेच पूर्वी किती काळ चालली, हे बाहेरून पाहत नाही. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना पूर्ण होण्याचा दिवस विचारला होता. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा आला, सगळे काही शक्य तितके वाईट झाले तर सुमारे ४९, आणि प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ हून थोडे अधिक. यातला मधला आकडा मला सर्वांत बोलका वाटतो. अडचणींची कल्पना करून बघा, असे सांगितल्यावरही माणसाच्या कल्पनेतल्या अडचणी प्रत्यक्षातल्या अडचणींपेक्षा सौम्यच निघाल्या.

म्हणून मुकादमाला "आमचे काम किती दिवसांत होईल?" असे विचारण्यात फारसे काही हाती लागत नाही. "याआधीच्या घरी पहिला हातोडा पडल्यापासून ते लोक राहायला परत येईपर्यंत किती काळ गेला?" असे विचारावे आणि त्याच्या आधीच्या घराचेही विचारावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चटकन येते. दुसऱ्याला तो थांबतो, आठवतो, मध्येच "ते काम तसे वेगळे होते" असे म्हणतो. प्रत्येक काम तसे वेगळेच असते. तरी त्या वेगळ्या कामांची सरासरी ही आपल्या कामाविषयीची सर्वांत विश्वासार्ह माहिती असते.

जादा दिवस धरायचे, हे त्यानंतर सर्वांना पटते. प्रश्न असतो ते कुठे ठेवायचे. प्रत्येक कामात दोन-दोन दिवस वाढवून ठेवले तर ते मुरतात, कारण मिळालेला वेळ भरेपर्यंत काम पसरत जाते, हे सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये विनोदाने लिहिलेले निरीक्षण बांधकामावर तर हमखास खरे उतरते. एलियाहू गोल्डरॅट यांनी १९९७ मध्ये सुचवलेला उपाय मला अधिक पटला: कामांचे अंदाज तंग ठेवायचे आणि सगळी शिल्लक एकत्र करून साखळीच्या शेवटी ठेवायची, म्हणजे ज्याला खरी अडचण येईल त्यालाच तिच्यातले दिवस मिळतील. यात एक पथ्य आहे. तंग अंदाज पाळला गेला नाही म्हणून कारागिराला धारेवर धरायचे नाही. तसे केले की पुढच्या वेळी तो आपला आकडा आपणच फुगवून सांगतो आणि शिल्लक पुन्हा कामांच्या पोटात शिरते.

धोक्यांचा विचार करताना लोक पैशांपासून सुरुवात करतात. जुन्या घराच्या अंदाजपत्रकाच्या दहा ते वीस टक्के रक्कम बाजूला ठेवावी, हा सल्ला सर्वत्र दिला जातो आणि तो योग्यच आहे. पण धोका जितका लवकर उघडा पडेल तितका तो स्वस्त पडतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. भिंतीआड काय आहे ते कोणालाच माहीत नसते: गंजून अर्धे बुजलेले पाइप, आवरण कडक होऊन तडकलेल्या वायरी, वाळवीने पोखरलेली चौकट. काम सुरू होण्याच्या बरेच आधी प्रत्येक खोलीत एखादी लहानशी जागा उघडून पाहिली की यांतले पुष्कळसे कळते, आणि कळते तेव्हा हातात अजून काहीही अर्धवट नसते. जी भिंत पाडायची ती भार पेलणारी आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने ठरवायचे; तिथे मुकादमाच्या अनुभवाचा कितीही आदर असला तरी तो पुरेसा नाही. जुना रंग घासण्याआधी त्यात शिसे आहे का आणि जुन्या पत्र्यांत वा फरशीत ॲस्बेस्टॉस आहे का, हे तपासून घ्यावे, कारण त्यांची घातक धूळ नंतर गोळा करता येत नाही. विजेच्या पेटीत ३० मिलिअँपिअर वीज गळताच पुरवठा तोडणारे गळती-संरक्षक बटण काम सुरू होण्याआधीच बसवून घ्यावे. ओल्या भिंती आणि तात्पुरत्या वायरी यांच्या सहवासात माणसे कामाच्या दिवसांतच सर्वांत जास्त असतात.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने २००७ च्या एका लेखात सांगितलेली एक रीत आम्ही करून पाहिली. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि असे धरून चालायचे की काम संपले आहे आणि पुरते फसले आहे. आता ते कशामुळे फसले ते प्रत्येकाने सांगायचे. "काय बिघडू शकेल?" असे विचारले तर लोक विचारणाऱ्याला बरे वाटेल असे बोलतात. बिघडले हे आधीच मान्य केले की कारणे सांगण्यात कोणाचाच अपमान राहत नाही. गवंड्याने टाइलच्या दोन वेगवेगळ्या लॉटमधल्या रंगछटांची भीती सांगितली, सुताराने दमट हवेत फुगणाऱ्या दारांची. सर्वांत उपयोगी उत्तर मात्र सामान वाहणाऱ्या बिगाऱ्याकडून आले, ज्याला कोणी विचारले नसते. तो म्हणाला, "राडारोडा ठेवणार कुठे, ते कोणी बोललंच नाही." खरेच होते. एका खोलीची तोडफोड झाली की तिचा मलबा शेजारच्या खोलीत पडतो आणि शेजारच्या खोलीत ज्याला काम करायचे असते तो दाराशी येऊन परत जातो. मलबा कोणत्या दिवशी, कोणी, कुठून हलवायचा याची एक वेगळी ओळ तक्त्यात त्याच दिवशी आली.

या सगळ्या धोक्यांपेक्षा मोठा धोका घरातच राहत असतो, आणि तो म्हणजे न घेतलेले निर्णय. नळ कोणता हवा हे टाइल बसल्यावर ठरवू, असे वाटते. पण भिंतीत दडणाऱ्या नळाचा सांगाडा गिलाव्याआधीच बसवावा लागतो आणि त्याचे माप नळागणिक बदलते. पलंग कोणत्या भिंतीला लागणार हे कळल्याशिवाय बटणांच्या जागा ठरत नाहीत. टाइल निवडायला उशीर झाला तर त्या येईपर्यंत गवंडी दुसऱ्या कामावर जातो आणि एकदा गेलेला गवंडी आपल्या सोयीने परत येत नाही. म्हणून कारागिरांच्या तारखांच्या शेजारी मी घरातल्यांच्या तारखा लिहिल्या: अमुक दिवसापर्यंत नळ, तमुक दिवसापर्यंत फरशी, त्यानंतर बदल नाही. ही यादी कारागिरांनाही दिसेल अशा जागी लावली होती. उशीर कोणाकडून होतो आहे हे सगळ्यांना दिसू लागले की बोलण्यातला सूर आपोआप बदलतो.

इथून मी माणसांकडे येतो. घराच्या कामावरच्या माणसांना संघ म्हणायची पद्धत आहे, पण ते खऱ्या अर्थाने संघ नसतातच. ते एकमेकांना येता-जाता भेटतात, वेगवेगळ्या मालकांची कामे करतात आणि पुष्कळदा एकमेकांना ओळखतात ते आधीच्याने करून ठेवलेल्या गोंधळावरून. टाइल बसवणारा म्हणतो गिलावा ओळंब्यात नाही, गिलावा करणारा म्हणतो मूळ भिंतच वाकडी होती, आणि दोघेही खरे बोलत असतात. अशा वेळी त्यांना 'आपण सगळे एक आहोत' असे सांगणे व्यर्थ असते. आम्ही एकच नियम केला: काम एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जाताना दोघेही तिथे हजर हवेत. गिलावा करणारा आणि टाइल बसवणारा मिळून ओळंबा आणि लांब पट्टी लावून भिंत पाहतील. जे चालणार नाही ते पुढच्याने तेव्हाच सांगायचे आणि एकदा त्याने भिंत स्वीकारली की नंतर मागच्याकडे बोट दाखवायचे नाही. पहिल्या वेळी दोघेही अवघडले होते. टाइल बसवणाऱ्याने पट्टी लावली, एका ठिकाणी फट दाखवली, गिलावा करणाऱ्याने काही न बोलता ती जागा तासून घेतली आणि तेवढ्यावर मिटले. पुढच्या खोलीत त्याने पट्टी स्वतःच आधी लावून पाहिली.

प्रेरणेविषयी जे बोलले जाते त्यातला पुष्कळसा भाग पैशांविषयी असतो. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले होते की असमाधानाची कारणे आणि समाधानाची कारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: वेतन, सोयी, वागणूक यांत कमतरता असली तर माणूस नाराज होतो, पण त्या पुरेशा मिळाल्याने तो कामात मन घालेलच असे नाही, त्यासाठी यश, दखल आणि जबाबदारी लागते. त्यांचा अभ्यास सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापालांवर आधारलेला होता, गवंड्यांवर नाही, आणि ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याला पैसे ही केवळ सोय वाटत नाही, हे ध्यानात ठेवलेले बरे. तरीही पहिला अर्धा भाग मला कामावर रोज दिसला. ठरलेल्या टप्प्याचे पैसे त्याच दिवशी देणे, हात धुवायला पाणी, सामान ठेवायला कुलपाची जागा आणि आल्यावर खोली रिकामी व तयार मिळणे, यांमुळे कोणी आनंदाने गात नाही. पण यांतली एक गोष्ट चुकली की तोच कारागीर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी जातो. अनेक कामे हाती असलेला माणूस सकाळी उठून कोणते निवडतो? जिथे गेल्या गेल्या हात चालू करता येतात ते. तयार खोली हे त्याला दिलेले सर्वांत मोठे आमंत्रण असते, आणि खोली तयार ठेवणे म्हणजे पुन्हा दोन कामांमधली जागा सांभाळणेच होय.

बांधकाम व्यवस्थापनाचे अभ्यासक ग्लेन बॅलार्ड यांनी १९९० च्या दशकात आठवड्याच्या योजना तपासल्या तेव्हा त्या आठवड्यात करू म्हणून ठरवलेल्या कामांपैकी जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक ठरल्याप्रमाणे पूर्ण होत होती. त्यांच्या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे काम करणाऱ्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार: जे काम सुरू करायला सगळे तयार नाही त्याचा शब्द द्यायचा नाही. आपल्याकडे कामावर येणारा माणूस मालकाला सहसा 'नाही' म्हणत नाही. "होऊन जाईल" म्हणतो. त्यामुळे "सोमवारी होईल ना?" या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. "सोमवारी सुरू करायला काय कमी पडेल?" असे विचारले की मात्र तो बोटांवर मोजत एकेक गोष्ट सांगतो, आणि त्या सांगण्यात एक वेगळाच आत्मविश्वास असतो, कारण आता त्याचे ज्ञान विचारले जात असते.

दखल घेण्याबाबत घराच्या कामात मोठा अन्याय होतो आणि तो सवयीने होतो. फरशी चमकली की फरशीवाल्याचे कौतुक होते, रंग उठून दिसला की रंगाऱ्याचे. ज्याने पाइप नीट उतारात टाकले, ज्याने वॉटरप्रूफिंग करताना कोपऱ्यांत दुप्पट वेळ घालवला, त्याचे काम भिंतीआड जाते आणि ते उत्तम असेल तर पुन्हा कधीच कोणाच्या नजरेस पडत नाही. नेमके तेच काम बिघडले तर वरचे सगळे फोडावे लागते. जिथे निष्काळजीपणा सर्वांत महाग पडतो तिथेच काळजी घेण्याचे बक्षीस सर्वांत कमी, अशी ही उलटी रचना आहे. आम्ही भिंत बंद करण्याआधी प्रत्येक वेळी एक छोटा विधी ठेवला. प्लंबर पाइपांत दाब भरून मापकावरचा आकडा दाखवी आणि दुसऱ्या दिवशी तो उतरला नाही हे सगळे मिळून पाहत. मग प्रत्येक भिंतीचे, टेप लावून, जमिनीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे अंतर दिसेल असे फोटो काढले जात, आणि कोणता पाइप कुठून कुठे जातो ते प्लंबर किंवा वायरमन स्वतः समजावून सांगे. फोटोंचा व्यावहारिक उपयोग उघड आहे. पुढे भिंतीत खिळा ठोकताना जीव मुठीत धरावा लागत नाही. पण वायरमनने पुढच्या भिंतीतल्या नळ्या आधीच्यापेक्षा सरळ ओळीत टाकलेल्या पाहिल्या तेव्हा त्या फोटोंचा दुसरा उपयोगही कळला. "फोटोत दिसणार आहे ना," एवढेच तो म्हणाला.

माणसे वाढवून वेळ वाचवण्याचा मोह मध्येच कधीतरी होतो. न्हाणीघरात दोन माणसे काम करू शकतात. तिसरा आला तर एकाला बाहेर थांबावे लागते. इतके सांगून हा विषय सोडतो.

शेवटचा टप्पा सर्वांत चिवट असतो. काम जवळजवळ झालेले असते, मोठी बिले दिली गेलेली असतात, कारागिरांचे मन पुढच्या घरी गेलेले असते आणि उरलेल्या असतात त्या घासणारे दार, सैल बटण, टाइलच्या सांध्यातले ग्राउट निसटलेली एक रेघ, रंगाचा एक ओघळ. यांतले प्रत्येक काम अर्ध्या तासाचे असते आणि अर्ध्या तासासाठी कोणीही येत नाही. त्यासाठी प्रत्येक बिलातला छोटा हिस्सा या टप्प्यासाठी राखून ठेवायचा, पण ते पहिल्याच दिवशी बोलून ठरवायचे. शेवटी अचानक पैसे अडवले की तो अपमान ठरतो, आणि अपमान झालेला माणूस अर्ध्या तासाचे काम अर्ध्या मनाने करतो. दोष दिसतील तसे फोन करत राहणे हा त्याहून वाईट मार्ग आहे. एका सकाळी, उजेड भिंतींवर तिरपा पडत असताना, सगळ्या खोल्यांतून फिरून एकच यादी करावी, ती कारागिरांप्रमाणे वेगळी करावी आणि प्रत्येकाला एकदाच, त्याच्या वाट्याचे सगळे एकत्र करून बोलवावे.

त्या शेवटच्या फेरीतही क्रम असतोच. आधी सुतार, कारण रंधा मारताना धूळ उडते. मग प्लंबर आणि वायरमन, कारण दोघांचेही हात भिंतीला लागतात. आणि सर्वांत शेवटी रंगारी. आमच्या रंगाऱ्याने येण्याआधीच अट घातली होती की त्याचा ब्रश धुऊन झाल्यावर कोणत्याही कारणाने कोणताही कारागीर आत येणार नाही. मी ती मान्य केली आणि घड्याळ टांगायला हातोडी घेऊन उभ्या असलेल्या घरातल्यांनाही लागू केली.